बेडरूम पिवळी करायची आहे? आधी उजेड बघा, मग शेड कार्ड उघडा

पिवळा निवडताना घरात भांडण होत नाही. निळा नको म्हणणारे असतात, करडा कुणाला तरी सुतकी वाटतो, पिवळ्याला मात्र सगळे लगेच हो म्हणतात. भांडण होतं रंग लावून झाल्यावर. ‘आपण ठरवलेला हा नव्हेच’ असं घरातले म्हणतात आणि पेंटर डबा पुढे करून सांगतो की कोड तोच आहे. दोघंही खरंच बोलत असतात. पिवळा डब्यात जेवढा असतो, तेवढाच खोलीतल्या उजेडात असतो. आणि मुंबईतल्या बहुतेक बेडरूममध्ये उजेडाचीच बोंब आहे: समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, खिडकीला बॉक्स ग्रिल, ग्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे आणि भर दुपारी लावावी लागणारी ट्यूब.

म्हणून हा लेख शेड कार्डापासून सुरू होत नाही. मुलुंडमधल्या आमच्या बेडरूमचं काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं, नंतर नातेवाइकांच्या घरांतही लक्ष घातलं. त्यातून जो क्रम सोयीचा वाटला तो देते आहे. पायऱ्या मागेपुढे केल्या तर चालतील असं वाटेल, पण चौथी पायरी सहावीच्या आधीच करा. तेवढा एक आग्रह आहे.

१. महिना ठरवा

जून ते सप्टेंबरमध्ये हे काम काढू नका. पाऊस थांबला म्हणजे भिंत वाळली असं होत नाही. बाहेरच्या भिंतीत मुरलेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हात हळूहळू निघत असतं आणि नेमक्या त्याच महिन्यात दिवाळीसाठी सगळ्यांना पेंटर हवा असतो. मिळाला तरी तो तीन घरं एकाच वेळी ओढत असतो. दिवाळीनंतर बरेच कारागीर छठपूजेला गावी जातात, होळीलाही जातात. मधला काळ, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा, सगळ्यात चांगला. हवा कोरडी असते, रंग वेळेत वाळतो, पेंटरही घाईत नसतो.

२. कागद आणि परवानग्या

नुसता रंग द्यायचा तर परवानगी कशाला, असं वाटेल. पण गेटवर वॉचमनने पेंटरला अडवलं की अर्धा दिवस जातो. हे आधी जमवून ठेवा:

- सोसायटीच्या ऑफिसात द्यायचं साधं पत्र: फ्लॅट नंबर, कामाचं स्वरूप, अंदाजे किती दिवस. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.
- काम करणाऱ्यांच्या आधार कार्डाच्या प्रती. अनेक सोसायट्या गेटपाससाठी मागतात.
- सोसायटी डिपॉझिट घेत असेल तर त्याची पावती. रंगाचे डाग जिन्यात किंवा लिफ्टमध्ये पडले तर त्यातून पैसे कापले जातात, म्हणून काम सुरू होण्याआधी जिन्याचे फोटो काढून ठेवा.
- भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी. व्हॉट्सॲपवरचा मेसेज चालेल, फोनवरचं ‘करा की’ चालणार नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात घर मूळ रंगात परत करण्याची अट आहे का, तेही वाचा.

दुपारी घासाघाशी बंद ठेवायची वेळ सोसायटीत ठरलेली असेल, तर ती पेंटरला पहिल्याच दिवशी सांगा. पुट्टी घासताना आवाज फारसा होत नाही, पण धूळ शेजाऱ्यांच्या दारात जाते आणि तक्रार आवाजाचीच होते.

३. खोलीतला उजेड नीट बघा

याला पैसे लागत नाहीत, म्हणून सगळे हीच पायरी गाळतात. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून खोलीत पाच-पाच मिनिटं बसा. कोऱ्या पांढऱ्या कागदाचा एक ताव भिंतीला चिकटवा. तो कधी निळसर दिसतो, कधी पिवळट, कधी नुसता मळकट. भिंतीवर जो पिवळा येणार, त्यात हेच मिसळणार आहे.

पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारनंतर ऊन थेट आत येतं आणि ते स्वतःच पिवळं-नारिंगी असतं. अशा खोलीत केशराकडे झुकणारा पिवळा संध्याकाळी चक्क नारिंगी होतो. इथे साय किंवा किंचित लिंबी छटा बरी.

उत्तरेचा उजेड एकसारखा पण थोडा निळसर. त्यात लिंबी पिवळा हिरवट पडतो. इथे रंगात जराशी लाली हवी.

पूर्वेकडची खोली सकाळी सुंदर दिसते आणि दुपारपासून फिकी पडते. नोकरीवर जाणारी माणसं ती सकाळी घाईत आणि रात्री दिव्याखाली बघतात, त्यामुळे दुपारच्या उजेडाची फार काळजी करू नका.

खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद मोकळ्या जागेत उघडत असेल तर ऊन विसरा. तुमचा रंग पूर्णपणे दिव्यावर ठरणार आहे.

आणि एक खास आपल्या शहरातली गोष्ट. तुमच्या किंवा समोरच्या इमारतीला दुरुस्तीसाठी हिरवी जाळी लावली असेल तर ती निघेपर्यंत रंग निवडू नका. जाळीतून येणारा उजेड हिरवा असतो, त्यात प्रत्येक पिवळा आजारी दिसतो. मग आपण भरपाई म्हणून जास्त तांबूस छटा निवडतो आणि जाळी उतरली की खोली भडक होते. समोरची इमारत ताजी विटकरी किंवा निळी रंगवली असेल तरी तिचं प्रतिबिंब खालच्या मजल्यांवर असंच आत शिरतं.

४. दिवे आधी बदला

लोक रंग देतात आणि मग दिवे बदलतात. उलटं करा.

एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. उजेड पिवळसर की निळसर-पांढरा, ते त्यावरून कळतं. ६५०० म्हणजे ‘कूल डेलाइट’, आपल्याकडची नेहमीची पांढरीफटक ट्यूब. ४००० मधला. २७०० किंवा ३००० म्हणजे ‘वॉर्म व्हाइट’, जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळचा. ६५०० च्या दिव्याखाली फिका पिवळा हिरवट-राखाडी दिसतो आणि गडद पिवळा कोरडा. २७०० च्या दिव्याखाली फिका पिवळा इतका विरघळतो की भिंत नुसती क्रीम वाटते, आणि मोहरीचा रंग तपकिरी होतो.

मला बेडरूमसाठी ३००० ते ४००० ठीक वाटतं. घरात मोठी माणसं असतील तर ‘अंधार वाटतो’ ही तक्रार येणारच. त्यावर उपाय म्हणजे एक ट्यूब काढून एक मंद बल्ब लावणं नव्हे. ४००० ची एक बॅटन (ट्यूबसारखी एलईडी पट्टी) कपाट उघडण्यासाठी, वाचण्यासाठी ठेवा आणि पलंगाशेजारी ३००० चा एखादा दिवा वेगळ्या बटणावर घ्या. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडाही असतो, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. साधारण दिव्यांचा ८० असतो, ९० किंवा जास्त मिळाला तर पिवळ्याच्या बारीक छटा नीट दिसतात. दक्षिण मुंबईतल्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, हे सगळे प्रकार शेजारी शेजारी लावून बघता येतात. फक्त रविवारी जाऊ नका, त्या भागातली बहुतेक दुकानं बंद असतात.

५. भिंत कोरडी आहे का, ते तपासा

पांढऱ्या भिंतीवर आलेला खार पांढराच असतो, म्हणून तो वर्षानुवर्षं दिसत नाही. पिवळ्या भिंतीवर तोच खार पिठासारखा उठून दिसतो, आणि ओलीच्या कडेला तपकिरी रेघ उमटते ती वेगळीच. तेव्हा पिवळा द्यायचा असेल तर ओल आधी शोधा.

एक फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दिवसभर-रात्रभर तसंच ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतं आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीतल्या हवेचा आहे, एसीच्या खोल्यांत तसं होतं. खिडकीखाली, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आणि माळ्याच्या आतल्या कोपऱ्यात ही चाचणी नक्की करा.

ओल निघाली तर ‘वॉटरप्रूफ रंग मारतो, काही होणार नाही’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. पाणी बाहेरून येत असेल तर आतून लावलेला थर काही महिन्यांत फुगतो आणि पोपडे सुटतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, गच्ची आणि सामाईक पाइप यांतून होणारी गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी झिरपत असेल तर ते त्या सभासदाकडे जातं. दोन्ही बाबतींत अर्ज लेखी द्या, फोटो जोडा, आणि दुरुस्ती होईपर्यंत रंग थांबवा. नवा गिलावा केला असेल तर तो किमान चार आठवडे सुकू द्या.

६. पिवळ्याची जात ओळखा आणि नमुना लावा

शेड कार्डावर पिवळ्याची पानंच्या पानं असतात आणि नावं अशी की त्यावरून काही कळत नाही. मी त्यांना घरगुती नावांनी चार ढिगांत टाकते.

लिंबी: यात हिरव्याची झाक असते. भरपूर ऊन असलेल्या खोलीत ताजा दिसतो. अंधाऱ्या खोलीत आणि पांढऱ्या ट्यूबखाली अजिबात नको.

साय, लोणी, बासुंदी: पांढऱ्यात थोडा पिवळा आणि किंचित लाली. सगळ्यात सुरक्षित. दहा बाय अकराच्या खोलीत चारही भिंतींवर हाच चालतो. याला कुणी ‘हा तर क्रीमच आहे’ म्हणेल. म्हणू द्या.

आमरस, केशर: तांबूसपणा जास्त. उत्तरेच्या किंवा डक्टकडच्या खोलीला ऊब देतो, पण चारही भिंतींना दिला की आरशात बघताना कावीळ झाल्यासारखं वाटतं. कपाटाच्या दाराला मोठा आरसा असेल तर समोरच्या भिंतीवर हा रंग टाळाच.

मोहरी आणि पिवडी: मातकट पिवळे. कोकणातल्या घरांत चुन्यात पिवडी घालून भिंती रंगवत, तो हा रंग. पिवडीचा पिवळेपणा लोहाच्या खनिजातून येतो, त्यामुळे तो उन्हाने सहज उडत नाही आणि भिंतही चांगली झाकतो. यंत्रावर बनणाऱ्या मातकट शेडमध्येही बहुतेक वेळा लोह ऑक्साइडचंच रंगद्रव्य असतं. माझं मत विचाराल तर मुंबईच्या बेडरूममध्ये एखादी भिंत गडद करायची असेल तर झेंडू-लिंबू सोडून इथेच या. मात्र हे रंग उजेड खातात. काही कंपन्या वेबसाइटवर प्रत्येक शेडसोबत एलआरव्ही देतात. ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत पाठवणारा पांढरा. चारही भिंतींसाठी ७० च्या खाली उतरू नका.

आता सापळा. कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो. भिंतीवर तोच रंग आला की समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर पिवळा उजेड टाकतात आणि रंग गडद वाटायला लागतो. पिवळ्यात हे इतर रंगांपेक्षा जास्त जाणवतं. म्हणून जो तुकडा आवडला, त्याच्यापेक्षा एक किंवा दोन पायऱ्या फिका घ्या.

मोबाइलवर भिंत रंगवून दाखवणाऱ्या ॲपवरून निर्णय घेऊ नका. दुकानातून दोन-तीन शेडचे छोटे नमुने बनवून घ्या. ते थेट भिंतीवर न लावता दोन फूट बाय दोन फुटाच्या पांढऱ्या कार्डबोर्डवर दोन हात मारून लावा, कडेला पांढरी पट्टी सोडा. भिंतीवर लावलं तर जुन्या रंगाशी तुलना होते आणि डोळा फसतो. बोर्ड खिडकीच्या भिंतीवर, खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि कोपऱ्यात फिरवा. पायरी चारमधले नवे दिवे लावून रात्री पुन्हा बघा. शेजारी पलंगाची चादर आणि कपाटाच्या सनमायकाचा तुकडा धरा. लालसर सागवानी सनमायका असेल तर तिच्याजवळ आमरस छटा नारिंगी होते, साय शांत राहते.

७. किती भिंती, कुठली भिंत

पडल्या पडल्या जी भिंत डोळ्यांसमोर येते ती सगळ्यात शांत ठेवा. गडद पिवळा द्यायचाच असेल तर तो पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीला. खोलीत शिरताना तो दिसतो, झोपताना पाठीशी जातो. बरेच जण टीव्हीच्या किंवा कपाटाच्या भिंतीला गडद करतात, तिथे तो रोज डोळ्यांत भरतो आणि वर्षभरात नकोसा होतो.

छताला निळसर पांढरा देऊ नका. पिवळ्याच्या वर तो ट्यूबलाइटसारखा चमकतो आणि भिंती मळक्या वाटतात. त्याऐवजी भिंतीच्याच शेडचा अगदी फिका अवतार किंवा साधा ऑफव्हाइट द्या. माळा असेल तर त्याची खालची बाजूही छताच्याच रंगात करा, नाहीतर तो डोक्यावर आल्यासारखा वाटतो.

८. मोजमाप आणि रंगाचा डबा

समजा खोली १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ. चारही भिंतींची लांबी ४२ फूट, गुणिले साडेनऊ, म्हणजे ३९९ चौरस फूट. त्यातून दार (३ × ७ = २१), खिडकी (५ × ४ = २०) आणि भिंतीला चिकटलेलं कपाट (७ × ७ = ४९) वजा करा. उरतात ३०९. चांगल्या गुळगुळीत भिंतीवर इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) दोन हातांना एका लिटरमध्ये साधारण १२० चौरस फूट जातं, म्हणजे अडीच-पावणेतीन लिटर. पिवळ्यासाठी तिसरा हात धरा, हिशेब चार लिटरच्या आसपास येतो. चार लिटरचा डबा मिळतोच.

तिसरा हात का? पिवळा झाकत नाही. फिक्या शेड पांढऱ्या बेसमध्ये (ज्यात रंगद्रव्य मिसळतात त्या मूळ रंगात) बनतात, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं, त्याने खालचं झाकलं जातं. झळझळीत पिवळा बनवायला दुकानदार वेगळा बेस घेतो, त्यात हा पांढरा घटक कमी असतो. पूर्वी पिवळ्या रंगांत शिशाचं क्रोमेट वापरत, ते छान झाकायचं. ते विषारी असल्याने १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली. ती चांगलीच गोष्ट आहे, फक्त आता झळझळीत पिवळ्याला तीन, कधी चार हात लागतात हे गृहीत धरा. पैसे वाचवायचे तर फिका घ्या.

जुन्या चाळीत किंवा पागडीच्या घरात दारं-खिडक्यांवर अनेक थरांचा जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू देऊ नका. त्यात शिसं असण्याची शक्यता असते. ओला करून घासायला सांगा, मुलांना त्या दिवशी घरात ठेवू नका आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसा.

डब्यावरच्या कोडच्या स्टिकरचा फोटो काढा: शेड, बेस, कंपनी, रंगाचा प्रकार, सगळं. एकाच शेडचे दोन डबे आले तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग वापरा. मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही.

बेडरूमसाठी चकाकी नसलेलं किंवा हलकी सायीसारखी झळाळी असलेलं इमल्शन घ्या. जास्त चकाकीच्या पिवळ्यावर पुट्टीचा प्रत्येक खड्डा दिव्याखाली दिसतो.

९. पेंटरशी बोलणी

‘मटेरियलसकट किती?’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तरांची तुलना करता येत नाही. दोन पेंटरना तेच लिहून द्या: भिंतींचं मोजमाप तुमचं, पुट्टीचे दोन हात, प्राइमरचा एक, रंगाचे तीन, कंपनी आणि प्रकार अमुक. मजुरी वेगळी आणि माल वेगळा विचारा. काही जण कार्पेट एरियाला ठरावीक आकड्याने गुणून रंगाचं क्षेत्रफळ सांगतात. पूर्ण घरासाठी तो अंदाज ठीक असेल, एका खोलीसाठी मोजपट्टीच काढा. दार-खिडकी वजा केली आहे का, तेही विचारा.

काही कंपन्यांच्या डब्यांत पेंटरसाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड असतो, त्यावर त्यांना थोडे पैसे मिळतात. यात चोरी काही नाही, पण तो अमुकच कंपनीचा आग्रह का धरतो हे त्यातून कळतं. टोकन त्याला द्या, रंग तुम्ही ठरवलेलाच आणा, आणि डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा.

पैसे टप्प्याटप्प्याने: थोडे सुरुवातीला, काही प्राइमरनंतर, उरलेले डाग पुसून फर्निचर जागेवर लागल्यावर.

१०. प्रत्यक्ष काम

घरात ठेवायच्या वस्तू: मास्किंग टेप, जुन्या चादरी आणि प्लास्टिक, १८० आणि ३२० नंबरचा पॉलिशपेपर, ओली फडकी, टॉर्च. टॉर्च कशाला? पुट्टी घासून झाल्यावर अंधार करून भिंतीला समांतर उजेड टाका, उंचसखलपणा लगेच दिसतो. हे प्राइमरच्या आधी करा, नंतर बोलून उपयोग नसतो.

पहिल्याच दिवशी ओला तळहात जुन्या भिंतीवर घासून बघा. हाताला पांढरं-रंगीत लागलं तर आधी डिस्टेंपर (खडूसारखा जुन्या पद्धतीचा रंग) आहे. तो पूर्ण खरवडून काढावा लागतो, त्याच्यावर इमल्शन टिकत नाही. जुनी भिंत निळी किंवा हिरवी असेल तर प्राइमरचे दोन हात घ्या. नाहीतर खालचा निळा पिवळ्यातून हिरवा होऊन डोकावतो.

मग पुट्टी, घासणं, प्राइमर, किरकोळ पुट्टी, पुन्हा हलकं घासणं आणि रंग. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. दमट हवेत तो वाढवा. पहिला हात झाल्यावर पिवळी भिंत फार वाईट दिसते, पट्टे पट्टे आणि खालचं पांढरं. घाबरून शेड बदलायला धावू नका. निर्णय दुसरा हात वाळल्यावर घ्या.

इथला सापळा म्हणजे पाणी. काम लवकर उरकायला रंगात जास्त पाणी घातलं जातं, आणि पिवळ्यात ते सगळ्यात आधी उघडं पडतं. किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. मोजून घालायला सांगा आणि त्या वेळी खोलीतच थांबा. शेवटच्या हाताच्या दिवशी पंखा बंद आणि रस्त्याकडची खिडकी अर्धी लोटलेली ठेवा, शेजारी बांधकाम चालू असेल तर ओल्या रंगावर धूळ बसते. वाळला की पंखा लावा आणि खिडकी पूर्ण उघडा. दाराला ऑइलपेंट दिला असेल तर वास जाईपर्यंत हॉलमध्येच झोपा.

११. पडदे, चादरी आणि बाकीचं सामान

भिंती पिवळ्या झाल्यावर पडदेही पिवळे घेऊ नका. पिवळ्याच्या समोर जांभळा आणि निळा उठून दिसतात, पण ते थोडेच हवेत. खणाच्या जांभळ्या कापडाची दोन उशांची कव्हरं पुरतात. खण मशिनमध्ये टाकू नका आणि पहिल्या वेळी वेगळाच धुवा, रंग जातो. बाकी पांढरं, फिकं करडं, ज्यूट, लाकूड. सोलापुरी चादर घालणार असाल तर तिच्यावरच्या ठळक नक्षीतला एक रंग पकडून तोच दुसरीकडे एकदा आणा, तिसरा रंग घुसवू नका.

पडद्याच्या कापडासाठी मंगलदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्या, चुण्या नीट पडतात, आणि उंचीत शिलाईसाठी आठ-दहा इंच जास्त धरा. पश्चिमेची खिडकी असेल तर अस्तर लावा. अस्तर नसलेला पिवळा पडदा संध्याकाळी अख्खी खोली नारिंगी करतो, वर उन्हाने स्वतः विटतो.

हळदीने रंगवलेली कापडं सुंदर दिसतात, पण हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबण लागला की लाल डाग पडतो. ती उशीच्या कव्हरसाठी घेऊ नका. भिंतीवर चौकटीत लावा, तेही उन्हापासून लांब.

१२. घर भाड्याचं असेल तर

परवानगी नसेल तर भिंतींच्या नादी लागू नका. चिकटवायचे वॉलपेपर आणि स्टिकर ‘सहज निघतात’ असं सांगतात. जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवरून ते पुट्टीसकट निघतात आणि डिपॉझिटमधून पैसे जातात. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ३००० केल्विनचा दिवा, मोहरी रंगाचा पडदा आणि एक पिवळं पांघरूण एवढ्याने खोली पिवळसर होते, आणि घर बदललं की हे सगळं टेम्पोत चढतं. परवानगी असेल तर फक्त डोक्याकडची भिंत रंगवा. परत पांढरी करताना प्राइमरचा एक हात आणि रंगाचे दोन, एवढंच काम उरतं.

१३. उरलेला रंग

चार लिटरच्या डब्यात तळाला पावशेर-अर्धा लिटर उरतो. मोठ्या डब्यात हवा जास्त राहून त्यावर साय धरते, म्हणून तो गाळून घट्ट झाकणाच्या लहान बरणीत भरा. बरणीवर कोड, महिना आणि ‘बेडरूम, डोक्याकडची भिंत’ असं लिहा. पुढे खिळ्याचा खड्डा किंवा डाग झाकायची वेळ आली तर तेवढ्याच जागी ठिपका लावू नका, पिवळ्यावर तो ठिगळासारखा दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तो पूर्ण पट्टा मारा. बरणी गॅलरीत उन्हात ठेवू नका, माळ्यावर सावलीत ठेवा.